तोंडाच्या कर्करोगाचे उपचार संपल्यावर: आपोआप काय भरून येतं, काय नाही

रेडिएशनचं शेवटचं सिटिंग झालं की घरात सगळ्यांना वाटतं, उद्यापासून उतार पडणार. प्रत्यक्षात पुढचे दहा-पंधरा दिवसच बहुतेकांना सर्वांत जड जातात. रेडिएशनचा मार बसलेल्या पेशी बऱ्याचदा लगेच मरत नाहीत, विभागायची वेळ आली की मरतात. तोंडाच्या आतलं अस्तर सतत नवं होत असतं, त्यामुळे हा परिणाम आठवड्यागणिक साचत जातो आणि मशीन बंद झाल्यावरही काही दिवस वाढतच राहतो. हे कोणी आधी सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो, उपचार लागू पडला नाही की काय अशी शंका घेतो. तसं नसतं. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून दुखणं ओसरू लागतं आणि सहा ते आठ आठवड्यांत बहुतेकांचे व्रण भरून येतात.

या काळात शरीरात दोन तऱ्हेच्या गोष्टी एकदमच चालू असतात. तोंडाचे व्रण, चव, त्वचेचा काळेपणा, थकवा या गोष्टी वेळ जाईल तशा सुधारतात. जबडा, गिळणं, दात आणि खांदा मात्र नुसती वाट पाहिली तर बिघडतात. घरोघरी नेमकं उलटं घडतं. सगळं लक्ष व्रणांकडे, आणि जबड्याचा व्यायाम ‘तोंड बरं झालं की बघू’ म्हणून पुढे ढकललेला. तोंड बरं होईपर्यंत जबडा धरलेला असतो.

व्रणांचे दिवस

तोंड धुण्यासाठी सगळ्यात उपयोगी द्रावण घरीच होतं: एक लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा. चमचा म्हणजे चहाचा, ५ मिलीचा. दर दोन-तीन तासांनी तोंडात घोळवायचं आणि थुंकायचं, गिळायचं नाही. द्रावण रोज ताजं करा. बाजारातले झोंबणारे माउथवॉश टाळा. त्यांत अल्कोहोल असतं आणि ते सुकलेलं अस्तर आणखी सोलवटतं. डॉक्टरांनी बधिर करणारं औषध दिलं असेल तर ते जेवणाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी वापरा. मात्र घसा बधिर असताना ठसका लागला तरी कळत नाही, त्यामुळे घास लहान ठेवा. वेदनेच्या गोळ्या ‘अगदीच सहन झालं नाही तर’ या हिशोबाने न घेता ठरलेल्या वेळी घ्या. दुखणं चढल्यावर ते उतरवायला जास्त औषध लागतं आणि मधलं एक जेवण हुकतं. मॉर्फिनच्या गटातली औषधं चालू असतील तर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं.

दुखणं कमी होत असताना अचानक जळजळ वाढली, जिभेवर पांढरा साय आल्यासारखा थर दिसला किंवा टाळू लालभडक झाली, तर ते बहुधा बुरशीचं इन्फेक्शन असतं. औषधाने ते काही दिवसांत आटोक्यात येतं. रेडिएशनचाच त्रास समजून लोक ते आठवडेच्या आठवडे अंगावर काढतात.

जबडा

रेडिएशननंतर चावायच्या स्नायूंमध्ये आणि त्यांच्या आसपास ताठर धागे तयार होतात. ही प्रक्रिया उपचार संपल्यावर महिनोन्‌महिने चालू असते आणि पहिल्या नऊ-दहा महिन्यांत तिचा वेग सर्वांत जास्त असतो. ऑपरेशन झालं असेल तर आतल्या जखमेचा वण आखडतो, ते वेगळंच. तोंड पुरेसं उघडलं नाही की घास जात नाही, ब्रश मागच्या दातांपर्यंत पोचत नाही, दंतवैद्याला काम करता येत नाही आणि तपासणीला डॉक्टरांना घशाकडचा भाग दिसत नाही. पुढचे अर्धे त्रास इथून सुरू होतात.

मोजायची सोपी रीत: तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातात का ते पाहा. नेमका आकडा हवा असेल तर पट्टीने मोजा. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडत असेल तर जबडा धरला आहे असं वैद्यकात मानतात. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, मोजून तारखेसह लिहून ठेवा. आरशात बघून ‘ठीक वाटतंय’ यावर भरवसा ठेवू नका. दर आठवड्याला एक मिलिमीटर गेला तर डोळ्यांना कळत नाही, वहीत कळतं.

व्यायामाला महागडं यंत्र लागतंच असं नाही. डॉक्टर जीभ दाबून घसा बघतात त्या चपट्या लाकडी पट्ट्या घ्या. एकेक पट्टी दीड-दोन मिलिमीटर जाड असते, म्हणजे ३५ मिलिमीटरसाठी साधारण वीस पट्ट्यांचा गठ्ठा होतो. सहज मावतील तेवढ्या पट्ट्या दातांमध्ये धरा. मग एक पट्टी गठ्ठ्याच्या बरोबर मध्ये सरकवा. वर किंवा खाली लावायला गेलं तर ती दाताला-हिरडीला घासते, मध्ये लाकडावरून लाकूड अलगद सरकतं. ताण जाणवला पाहिजे, कळ यायला नको. ३० सेकंद धरा, सोडा, असं पाच वेळा, आणि दिवसातून पाच वेळा हा क्रम. पुढचे दात हलत असतील किंवा नसतील, जबड्यात प्लेट बसवलेली असेल किंवा टाके ताजे असतील, तर पट्ट्या कुठे धरायच्या आणि कधी सुरू करायचं हे आधी सर्जनला विचारा. व्रण असताना गठ्ठा झेपत नसेल तर नुसतं तोंड उघडणं, जबडा डावी-उजवीकडे नेणं आणि पुढे काढणं एवढं तरी चालू ठेवा. पहिलं वर्ष तरी हा व्यायाम रोजचा आहे. बरं वाटतंय म्हणून बंद केला की मिळवलेलं परत जातं.

महिनोन्‌महिने स्थिर असलेलं तोंड अचानक कमी उघडायला लागलं तर जास्त व्यायाम करत बसू नका. हाडाचं इन्फेक्शन किंवा रोग परतणं अशीही कारणं त्यामागे असू शकतात. आधी दाखवा.

गिळणं आणि नळी

गिळताना जीभ घास मागे ढकलते, स्वरयंत्र वर उचललं जातं आणि श्वासनलिकेचं तोंड झाकलं जातं. यातलं एक काम उशिरा झालं तरी अन्न किंवा पाणी फुप्फुसाकडे उतरतं. ठसका लागला तर निदान कळतं. पण रेडिएशनने घशाची संवेदना कमी झालेल्या माणसाला ठसकाच येत नाही, पाणी गुपचूप खाली जातं. म्हणून खाल्ल्यावर आवाज ओलसर, घोगरा होणं, जेवणाला अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त लागणं, वरचेवर ताप आणि छातीत कफ या खुणा ठसक्याइतक्याच गंभीर आहेत. अशा वेळी गिळण्याचा व्हिडिओ एक्स-रे किंवा दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.

सल्ला द्यायला आसपासचे सगळे तयार असतात. ‘मान खाली घालून गिळ’ हा त्यातला ठरलेला. काहींना त्याने फायदा होतो. पण जिभेचा मोठा भाग काढलेल्या माणसाचं अन्न मान खाली घातली की ओठांकडेच परत येतं. कोणती पद्धत कोणाला, हे स्पीच थेरपिस्टने, म्हणजे बोलण्या-गिळण्याच्या तज्ज्ञाने, तपासून ठरवायचं असतं. आणखी एक उलटं वाटणारं: पातळ पाणी गिळायला सगळ्यात अवघड असतं, कारण ते स्नायू तयार व्हायच्या आत घशात पोचतं. म्हणून काहींना पाणी दाट करून दिलं जातं.

नाकातून किंवा पोटातून नळी असेल तरी, डॉक्टरांची हरकत नसेल तर, रोज थोडं तोंडाने गिळायचं सोडू नका. काही आठवडे वापर बंद पडला की हे स्नायू आक्रसतात आणि मग नळी सुटता सुटत नाही. नळीने देताना डोकं आणि छाती ३० ते ४५ अंश वर हवी, आणि नंतर पाऊण ते एक तास आडवं पडायचं नाही. २००-२५० मिली वीस-तीस मिनिटांत, घाई न करता. आधी आणि नंतर ३० मिली पाणी सोडा. गोळ्या एकेक करून बारीक पूड करून द्या, अन्नात कालवू नका. नळी चोंदण्याचं हे पहिलं कारण. दिवसभर हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटायच्याच नसतात, त्या बदलून घ्या. नाकातल्या नळीवरची खूण जागेवरून सरकलेली दिसली तर काहीही न देता रुग्णालय गाठा.

किती खायचं याचा ठोकळ हिशोब असा: वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या माणसाला म्हणजे १८०० कॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं. एका पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा. चार पेले दूध आणि चार अंडी पोटात गेली तरी आकडा पन्नासच्या आसपासच राहतो. म्हणून ‘पातळ काहीतरी घेतलं’ यावर समाधान मानू नका. त्याच पेल्यात दुधाची पावडर, तूप किंवा तेल, प्रथिनांची पूड मिसळून तो दाट करा. मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असेल तर आहारतज्ज्ञाला विचारून. महिन्यात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ६० किलोतले तीन किलो गेले, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नका.

चव दोन-तीन महिन्यांनी डोकावायला लागते आणि वर्षभर सुधारत राहते. मध्येच सगळं पुठ्ठ्यासारखं किंवा लोखंडासारखं लागतं, तेव्हा भूक लागण्याची वाट न बघता घड्याळावर खावं.

कोरडं तोंड आणि दात

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती दातांवरचं आम्ल धुते, दातांना खनिजं परत देते, जंतूंना आवर घालते. लाळेच्या ग्रंथींना रेडिएशन लागलं की हे सगळं खूप कमी होतं आणि आयुष्यभर न किडलेले दात काही महिन्यांत हिरडीलगत गोल किडायला लागतात. लाळ एक-दोन वर्षांत काही प्रमाणात परत येते. दात परत येत नाहीत.

त्यामुळे ५००० पीपीएम फ्लोराइडची टूथपेस्ट दिवसातून दोनदा, मऊ ब्रशने. घासून झाल्यावर थुंका, पण चूळ भरू नका. अर्धा तास काही खाऊ-पिऊ नका. दंतवैद्याने दातांच्या मापाचे साचे करून दिले असतील तर त्यात फ्लोराइड जेल भरून रोज ५ ते १० मिनिटं. पाण्याची बाटली सतत हाताशी ठेवा, रात्री लाळेसारखं जेल लावा. लिंबू किंवा आंबट गोळ्यांनी लाळ सुटते खरी, पण तेच आम्ल उघड्या दातांवर बसतं. वजन वाढवण्यासाठीची पेयं गोड असतात, ती दिवसभर घोट घोट घेतली तर दात सतत साखरेत राहतात. ठरलेल्या वेळी संपवा आणि वर सोड्याच्या पाण्याने चूळ भरा.

आता जे कधीच विसरायचं नाही ते. रेडिएशन लागलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, विशेषतः खालच्या जबड्यात. तिथला दात उपटला तर जखम न भरण्याचा, हाड उघडं पडून सडू लागण्याचा धोका असतो. हा धोका पाच वर्षांनी किंवा दहा वर्षांनी संपत नाही. कुठल्याही दंतवैद्याच्या खुर्चीत बसताना पहिलं वाक्य हेच हवं की जबड्याला रेडिएशन झालं आहे. शक्य असेल तिथे दात काढण्याऐवजी रूट कॅनाल करावं. काढावाच लागला तर कर्करोगाच्या डॉक्टरांशी बोलून. सैल कवळी घासून झालेल्या फोडानेही हेच होऊ शकतं. तोंडात उघडं हाड दिसणं, पू येणं किंवा खालचा ओठ बधिर होणं ही ताबडतोब दाखवायची लक्षणं.

शिवलेला भाग, मान, खांदा

हाताची, मांडीची किंवा छातीची कातडी तोंडात शिवली असेल तर ती फिकट दिसते, बधिर असते आणि पुरुषांमध्ये कधी तिच्यावर केसही येतात. बघायला विचित्र, पण धोक्याचं नाही. बधिरपणामुळे गरम घास भाजतो तरी कळत नाही, आणि अन्न कडेला साठून राहतं. गरम पदार्थ आधी ओठाच्या शाबूत बाजूला लावून बघा, आणि जेवणानंतर टॉर्च व छोटा आरसा घेऊन कोपरे तपासा.

मानेच्या गाठी काढताना खांद्याच्या मुख्य स्नायूची नस ताणली जाते. नस वाचवलेली असली तरी खांदा काही महिने झुकलेला, दुखरा राहतो आणि हात डोक्यापर्यंत जात नाही. नस सावरायला सहा महिने ते वर्ष लागतं. तेवढ्यात हात कुशीत धरून ठेवला तर सांधाच आखडतो. फिजिओथेरपिस्ट दाखवतील तसं भिंतीवर बोटांनी चढत हात वर नेणं, खांद्याची पाती मागे जुळवणं हे रोज करा. त्या बाजूने जड पिशवी उचलू नका, बसताना हाताखाली उशी घ्या.

हनुवटीखालची सूज सकाळी जास्त आणि दिवसभरात कमी होत असेल तर ती बहुधा लसिका, म्हणजे पेशींभोवतीचा पातळ द्रव, साठल्याची असते. उशाशी उंची देऊन झोपा. तिचा मसाज अतिशय हलक्या हाताचा असतो, आणि आधी काख-छातीकडची वाट मोकळी करून मग मान, शेवटी चेहरा असा उलटा क्रम असतो. प्रशिक्षित माणसाकडूनच शिका. मान खाली घातल्यावर पाठीत विजेसारखी झिणझिणी गेली तर डॉक्टरांना सांगा. रेडिएशननंतरच्या काही महिन्यांत असं होतं आणि बहुतेकदा आपोआप थांबतं.

मन

‘सकारात्मक राहा’ हा सल्ला देणाऱ्याला बरं वाटतं, ऐकणाऱ्याला एकटं पाडतो. या आजारात मनाचा त्रास अगदी ठरावीक जागी बसलेला असतो: आरसा, जेवणाचं ताट, फोन आणि तपासणीची तारीख. तिथेच काम करावं लागतं.

आरशात पहिल्यांदा बघताना नर्स किंवा जवळचं कोणी सोबत असू दे. दोन आठवड्यांनी दिसणारा चेहरा हा शेवटचा चेहरा नसतो. सूज महिनोन्‌महिने उतरत राहते आणि ऑपरेशनचे वण मऊ व्हायला वर्षभर लागतं.

बोलण्यात नेमकं काय गेलं आहे ते ओळखलं तर निम्मी चीड कमी होते. जिभेचं टोक गेलं असेल तर त, द, न, ल अडतात. जीभ वळत नसेल तर ट, ठ, ड. जिभेचा मागचा भाग गेला तर क आणि ग, ओठ सैल पडला तर प, ब, म. टाळू काढली असेल तर सगळंच नाकातून येतं, आणि तिथे टाळूच्या जागी बसवायच्या प्लेटने लगेच फरक पडतो. सुरुवातीला विषय एका शब्दात सांगून मग बोला, वाक्यं तोकडी ठेवा, गोंगाटात महत्त्वाचं बोलू नका. घरच्यांनी वाक्य पुरं करून देऊ नये. कळलं नाही तर ‘हो हो’ न म्हणता, जेवढं कळलं तेवढं परत म्हणून दाखवावं.

चारचौघांत जेवताना लाळ गळेल, घास बाहेर येईल या भीतीने लोक समारंभच सोडतात. अर्धं जेवण आधी घरी करून जाणं, हातात रुमाल असणं, आणि टेबलावर कोणीही घास न मोजणं, एवढ्याने बऱ्याच जणांचं जाणं-येणं पुन्हा सुरू होतं. जोडीदाराच्या जवळ जाण्याबद्दलही हेच. कोरडं तोंड, बधिर ओठ आणि वासाची भीती यांनी अंतर पडतं, आणि दोघंही समोरच्याला त्रास नको म्हणून गप्प बसतात. कर्करोग चुंबनाने लागत नाही, हे बरेचदा मोठ्याने सांगायची गरज पडते.

थकवा, मरगळ, थंडी वाजणं, कशातच रस नसणं याला प्रत्येक वेळी नैराश्य समजू नका. मानेच्या रेडिएशनने थायरॉइड मंदावू शकतं, तेही कधी काही वर्षांनी. दर ६ ते १२ महिन्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. तो ठीक असूनही दोन आठवड्यांहून जास्त दिवस, बहुतेक वेळ, मन खचलेलं राहत असेल तर उपचार घ्या. काही औषधं तोंड आणखी कोरडं करतात, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाला रेडिएशनचं सांगा. डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये आत्महत्येचा धोका इतर अनेक कर्करोगांपेक्षा जास्त आढळतो. तसे विचार येतात का, हे थेट विचारावं. विचारल्याने ते डोक्यात घुसत नाहीत. उत्तर ‘हो’ आलं तर माणसाला एकटं सोडू नका, तीव्र वेदनाशामकांचा साठा कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

तंबाखू, सुपारी किंवा दारूची सवय असलेल्यांना वर अपराधीपणाही असतो, आणि टोमण्यांनी तो वाढला की माणूस लपून पुन्हा तिकडेच वळतो. सोडणं आवश्यकच आहे. तोंडाच्या उरलेल्या अस्तरालाही तीच झळ बसलेली असते आणि दुसरा कर्करोग तिथे होऊ शकतो. निकोटिनचं च्युइंगगम कोरड्या, व्रण असलेल्या तोंडाला झेपत नाही, त्वचेवर लावायचा पॅच विचारून घ्या.

तपासण्या

रोग परतायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत परततो, म्हणून पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर दोन ते सहा महिन्यांनी बोलावतात. पुढे पाचव्या वर्षापर्यंत चार ते आठ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. तारीख जवळ आली की झोप उडणं फार जणांना होतं. दिवसातून दहा वेळा आरसा बघून आणि बोटांनी चाचपून काही कळत नाही, उलट अस्तर सोलवटतं. महिन्यातून एकदा, चांगल्या उजेडात, ठरलेल्या क्रमाने बघा: ओठ, गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू, मग बाहेरून मान. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, लाल किंवा पांढरा नवा चट्टा, मानेत गाठ, एकाच कानात सतत ठणका, कारण नसताना हलायला लागलेला दात यातलं काही असेल तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. तोंडातून किंवा मानेतून ताजं रक्त वाहू लागलं किंवा श्वास अडू लागला तर ती तातडीची वेळ आहे, थेट इमर्जन्सीत जा.

फाइलच्या पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवा: ऑपरेशनची तारीख आणि काय काढलं, कातडी किंवा हाड कुठून घेतलं, रेडिएशन कोणत्या बाजूला, एकूण किती ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं माप) आणि किती सिटिंगमध्ये, केमोचं औषध कोणतं, शेवटचा टीएसएच, तोंड किती मिलिमीटर उघडतं. नव्या दंतवैद्याकडे किंवा परगावच्या डॉक्टरकडे जाताना त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.